मधल्या खोलीतली हाक

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको... उतारे, अंगात येणं, करणी यातलं मी काही मानत नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, रक्त काढायचं आणि मशीन जे सांगेल ते रिपोर्टवर द्यायचं. जे तपासता येत नाही ते नाहीच, असा माझा सरळ स्वभाव होता. 'होता' हे मुद्दाम लिहिलंय.

हे मला एकटीला ऐकू आलं असतं तर मी कधीच लिहिलं नसतं. झोप पुरी झाली नसेल, बीपी लो झालं असेल म्हणून सोडून दिलं असतं. पण आमच्या घरात राहणाऱ्या चारही माणसांनी ते ऐकलं. आणि एकानं तर फोनवरून ऐकलं.

घर कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत. मेन रोडवरून आत वळल्यावर गल्ली चिंचोळी होत जाते, टू-व्हीलर कशीबशी निघते, तिथलं दोन मजली घर. आम्ही ते विकत घेऊन दोन उन्हाळे झाले. त्याआधी आम्ही गडमुडशिंगीला राहायचो, माझ्या नवऱ्याच्या, महेशच्या गावी. तो शिरोलीला एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. सासरे वारले, म्हशी विकल्या, मग आम्ही शहरात यायचं ठरवलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तसंच म्हणतात. त्या येतील का नाही अशी शंका होती. पण त्यांनी आमच्या आधी गाठोडं बांधलं. म्हणाल्या, "मी एकलीच हितं काय भिताडं बघत बसू व्हय?"

खाली एकापाठोपाठ एक तीन खोल्या. पुढं सोपा, म्हणजे बसायची खोली, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर आणि त्याच्या मागं बोळात उघडणारं दार. खालच्या भिंती जुन्या, दगड-विटांच्या, मातीत बांधलेल्या, हातभर जाड. वरचा मजला लाकडी तुळयांवर. आधीच्या मालकानं भाडेकरू ठेवण्यासाठी वर एक खोली नीट करून घेतली होती आणि तिला लागून नवंकोरं बाथरूम काढलं होतं. पांढऱ्या-निळ्या टाइल्स, गिझर, शॉवर. खरं सांगायचं तर ते बाथरूम बघूनच मी या घराला हो म्हटलं. वर रूपाली नावाची मुलगी भाड्यानं राहायची. पेठ वडगावची, इथं साड्यांच्या एका शोरूममध्ये कामाला. सकाळी जायची ती रात्री यायची.

आता मधली खोली. तिला खिडकी नाही. उजव्या हाताच्या भिंतीत एक कोनाडा आणि कोनाड्याच्या मागच्या अंगाला एका जुन्या लोखंडी पाईपचं कापलेलं तोंड. पूर्वीचं काहीतरी असेल म्हणून आम्ही तिकडं लक्ष दिलं नाही. वरचं बाथरूम बरोबर या भिंतीच्या डोक्यावर होतं.

ही खोली इतकी गार असायची, की एप्रिलच्या उन्हातनं आत पाऊल टाकलं की अंगावर शहारा यायचा. आत्यांनी पहिल्याच आठवड्यात आपली कॉट त्या भिंतीला लावून घेतली. पाहुणे आले की त्यांचा हात धरून भिंतीवर ठेवायच्या. "बगा, बगा! एसी लागतोय कशाला?" भिंतीला ओल्या मातीचा मंद वास यायचा. आम्हाला तो आवडायचा! जुनी घरं अशीच असतात, आमच्या नव्या फ्लॅटमध्ये हे सुख कुठलं, असं पाहुणेसुद्धा म्हणायचे.

भिंतीच्या पायाशी लोणा धरायचा, मिठासारखा पांढरा. महेशनं तो दोनदा खरवडून रंग मारला. खोलीचं दार लागेनासं झालं. त्यानं ते उतरवून रंधा मारला. थोड्या दिवसांनी परत तेच. वर कोपऱ्यात केसासारखी एक चीर गेली होती. जुनं घर आहे म्हणून आम्ही तीही सोडून दिली.

पहिली हाक मी ऐकली ती भर दुपारी. लॅबमधून येऊन जेवले होते, ओट्यापाशी भांडी विसळत होते. मधल्या खोलीतून आत्यांनी हाक मारली.

"स्वाती, जरा हिकडं ये की."

नेहमीचाच आवाज. मी हात पुसत गेले. कॉट रिकामी. चादर सरळ, उशी जागच्या जागी. पुढं सोप्यात जाऊन बघते तर आत्या बाहेर उंबऱ्यावर बसून शेजारच्या काकूंशी बोलत शेंगा फोडत होत्या.

"हाक मारलीत का?"

"न्हाय बा." त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग विचारलं, "तू ओ दिलीस काय?"

"नाही. सरळ आले."

"बरं केलंस," म्हणाल्या आणि पुन्हा शेंगांना लागल्या.

मी विसरून गेले. पुढच्या आठवड्यात तसंच झालं. त्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी महेश सोप्यात टीव्ही बघत असताना एकदम उठून मधल्या खोलीत गेला आणि तिथूनच ओरडला, "अगं, काय पाहिजे? कुठं आहेस?" मी तर मागच्या बोळात कपडे वाळत घालत होते. मी आत आले तेव्हा तो कॉटपाशी उभा होता, चेहरा उतरलेला.

"तू आत्ता म्हणालीस ना... जरा हिकडं ये की?"

"मी हिकडं म्हणते का कधी?"

माझं माहेर मिरजेचं. मी 'इकडं' म्हणते. आम्ही दोघंही थोडं हसलो. पण हसताना तो भिंतीकडं बघत होता, आणि मीही.

त्या रात्री जेवताना विषय निघाला तर आत्या शांतपणे म्हणाल्या, "आल्यापास्नं ऐकतोय की मी. कवा तुझा आवाज, कवा ह्याचा. मी काय ओ देत न्हाय."

मी घास ताटात ठेवला. "मग तुम्ही तिथं झोपता कशा?"

"गार लागतंय," आत्या म्हणाल्या.

महेशनं दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या एका गवंड्याला बोलावलं. बंडू मिस्त्री. मोठ्या आवाजाचा, दणकट माणूस. त्यानं वर जाऊन टाइल्सवर टकटक केलं, नळ सोडून बघितले, खाली येऊन भिंतीवर थाप मारली. मग कोनाड्यातलं ते पाईपचं तोंड बघून हसायलाच लागला.

"वैनी, भूत न्हाय वो, पाईप हाय! जुनी लाईन हाय ही. वर कोन बोललं की आवाज ह्या नळीतनं खाली येतोय. वर जाऊन जरा बोला बघू."

रूपाली नेमकी घरात होती. तिनं वरून "हॅलो, हॅलो" केलं. ऐकू आलं. जिन्यातून, छतातून, कुठूनही आलं असेल, पण ऐकू आलं. आम्हाला तेवढंच पाहिजे होतं. रूपाली दुपारी घरात नसते, आणि हाका दुपारी येतात, हे तेव्हा माझ्या मनात आलंच नाही. किंवा आलं असेल... मी येऊ दिलं नाही.

"आणि ही ओल? दार अडकतंय ते?" महेशनं विचारलं.

"जुनं घर हाय. चालायचंच. बाथरूम तर टकाटक हाय तुमचं."

त्यानं पाईपच्या तोंडात सिमेंट भरलं आणि गेला.

आणि खरंच, हाका थांबल्या. मला इतकं हलकं वाटलं, की मी लॅबमध्ये मैत्रिणींना हा किस्सा हसत हसत सांगितला. भुताचा आवाज आणि निघाला पाईप!

मे संपत आला होता. वळीवसुद्धा पडला नव्हता, गल्लीत धूळ उडत होती. एका दुपारी मी मधल्या खोलीत आत्यांच्या कॉटवर पडले होते. कूस भिंतीकडं. डोळा लागत होता... आणि माझ्या तोंडासमोरून, गिलाव्याच्या आतून, माझ्याच आवाजात कुणीतरी म्हणालं—

"जरा हिकडं ये की."

मोठ्यानं नाही. शेजारी झोपलेलं माणूस बोलतं तसं. मी किंचाळले नाही, हललेसुद्धा नाही. मला हलताच येईना. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकणं काय असतं ते शब्दांत सांगता येत नाही. शेवटी कॉटवरून अक्षरशः खाली घसरले आणि ढोपरांवर रांगत सोप्यात गेले. आत्यांनी मला पाणी दिलं. मग त्यांनी स्वतः कॉट ओढत सोप्यात आणली, आणि मधल्या खोलीचं दार ओढून घेतलं. ते पूर्ण लागलं नाही, बोटभर फट राहिली.

मी महेशला स्पष्ट सांगितलं, हे घर सोडायचं. तो म्हणाला, थोडे दिवस दे, एखाद्या इंजिनिअरला दाखवू. तो घाबरला नव्हता असं नाही. तोही आता स्वयंपाकघरात यायला बोळातून वळसा घालून मागच्या दारानं यायचा.

त्यानंतरचा सोमवार. मी घरी आले, जेवणं झाली. आत्या सोप्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी स्वयंपाकघरात होते, आमच्या मध्ये ती खोली, दोन्ही दारं लोटलेली. महेशचा फोन आला. इंजिनिअर उद्या येणार आहे, असं सांगत होता. मागं मशीनचा आवाज, तो नेहमीसारखा ओरडून बोलत होता. मी म्हटलं, "महेश, हळू बोल, कान फुटेल माझा."

तेवढ्यात मधल्या खोलीतून महेश म्हणाला,

"आई... जरा हिकडं ये की."

फोन माझ्या कानाला. फोनवर महेश म्हणाला, "कोण बोललं ते?"

मी मधल्या खोलीच्या दाराकडं वळले.

"स्वाती, कोण बोललं? माझा... माझा आवाज होता तो?"

पुन्हा हाक आली. या वेळी आवाज नीट नव्हता. गुडघा फुटल्यावर पोर जसं श्वास रोखून रडतं, तसा. "आई... जरा हिकडं ये की..."

आणि पलीकडचं दार करकरलं. आत्यांनी सोप्याकडचं दार ढकललं होतं.

मी ओरडले, "आत्या, जाऊ नका! महेश फोनवर आहे! तो नाही तो!" फोन हातातून पडला. मी माझ्या बाजूचं दार ढकललं तर ते अडकलेलं. खांद्यानं दोन धक्के दिल्यावर उघडलं. आत्या भिंतीपाशी उभ्या होत्या. उजवा तळवा भिंतीवर टेकवलेला, म्हशीच्या पाठीवर हात ठेवावा तसा. तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

आणि तेव्हा मला तो दुसरा आवाज ऐकू आला. भिंतीच्या आत कुणीतरी पोत्यातून जोंधळे ओतत असल्यासारखा. सर्रर्र... थांबायचा, पुन्हा सर्रर्र.

मी त्यांच्या दंडाला धरून ओढलं. त्या हलेनात. बाई अंगानं काटकच, पण त्या वेळी रोवलेल्या खुंटासारख्या घट्ट होत्या. मी दोन्ही हात त्यांच्या कमरेला घातले आणि स्वतःला मागं झोकून दिलं. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आपटलो आणि त्याच क्षणी भिंत फुगली. पडली नाही, आधी फुगली. गिलावा पोटासारखा पुढं आला, फुटला, आणि आतून काळा चिखल बाहेर आला. मग वरचं सगळं एकदम खाली. टाइल्स, कमोड, गिझर, तुळई. धुळीत काही दिसेना. फक्त पाणी वाहण्याचा आवाज, आणि आत्यांचं "आयाया..."

तुळईचं टोक त्यांच्या डाव्या पायावर आलं होतं, गुडघ्याच्या खाली. गल्लीतले लोक बोळातून आले, चौघांनी तुळई उचलली. महेश येईपर्यंत आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं होतं. फोन चालूच राहिला होता. त्यानं ते सगळं ऐकलं होतं, शेवटपर्यंत.

रूपाली तेव्हा शोरूममध्ये होती, म्हणून वर कुणी नव्हतं. आत्या वाचल्या. पायात रॉड घातलाय, आता वॉकर घेऊन चालतात.

भिंत का पडली ते आम्हाला कळलं. इंजिनिअरनं ढिगारा उपसून दाखवलं. वरचं बाथरूम करताना सांडपाण्याचा पाईप भिंतीत घातला होता, पण एक पाईप दुसऱ्यात नुसता खुपसून ठेवलेला. ना चिकटवायचं सोल्युशन, ना क्लॅम्प. रूपालीनं ओतलेला प्रत्येक तांब्या थोडा थोडा भिंतीच्या पोटात जात होता. त्याशिवाय पाईपला जागा करायला मुख्य तुळईचं टोक अर्ध्याच्या वर छाटलेलं होतं. उरलेलं लाकूड मी हातात घेतलं तर भिजलेल्या ब्रेडसारखं चुरलं. बाहेरून गिलावा आणि रंग, वरून चकचकीत टाइल्स, आणि मध्ये माती विरघळून गेलेली. ती भिंत किती महिने उभी होती ते मला माहीत नाही, पण ती आतून पोकळ होती, आणि आम्ही तिच्या गारव्याचं कौतुक करत तिला टेकून झोपत होतो.

इथपर्यंत सगळं लॅबच्या टेस्ट ट्यूबमध्ये दिसावं तसं दिसतं. पुढचं दिसत नाही.

तो कोनाड्यातला लोखंडी पाईप ढिगाऱ्यात मिळाला. वीतभर लांबीचा तुकडा होता. दुसरं टोक आधीपासूनच दगडमातीनं गच्च भरलेलं. तो वर जात नव्हता, खाली जात नव्हता, कुठंच जात नव्हता. त्यातून आवाज येणं शक्यच नव्हतं.

रूपाली सामान न्यायला आली तेव्हा तिच्या आईला घेऊन आली होती. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "वैनी, तुमी हसशीला म्हणून बोलले न्हाय. सुट्टीच्या दिवशी मोरीच्या जाळीतनं मला आईची हाक यायची. जरा हिकडं ये की. मी खाली वाकून बघायची." तिची आई तोपर्यंत या घरात कधीच आली नव्हती.

ओळखीचे लोक म्हणतात, घरच तुम्हाला सावध करत होतं. मलाही तसं वाटून घ्यायला आवडलं असतं. पण सावध करणारं 'बाहेर जा' म्हणेल ना? ते दर वेळी आत बोलवत होतं. त्या भिंतीपाशी. आणि शेवटी तर लेकराच्या आवाजात, आईला.

आम्ही आता भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. त्या घराची ती बाजू पूर्ण उतरवली, नवं बांधकाम चाललंय, कामगार दिवसभर तिथं असतात. त्यांना काही ऐकू आलेलं नाही. मी मुद्दाम विचारलं नाही, पण आलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

फ्लॅटमध्ये आम्ही कुणी कुणाला दुसऱ्या खोलीतून हाक मारत नाही. तसं काही ठरलेलं नाही. जेवायला वाढलं की मी उठून महेशपाशी जाते, त्याच्या खांद्याला हात लावते. तोही तसंच करतो.

मागच्या महिन्यात आत्यांच्या पायाला तेल लावताना मी शेवटी विचारलं. इतके दिवस धीर झाला नव्हता.

"आत्या, तुम्हाला खरंच वाटलं का महेश आहे म्हणून?"

"न्हाय," त्या म्हणाल्या. "तू फोनवर त्याच्यासंगंच बोलत हुतीस की. ऐकलं मी."

"मग? तुम्ही तर कधी ओ द्यायचा नाहीत. मग का गेलात?"

आत्यांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली.

"भ्यालं हुतं गं त्ये," त्या म्हणाल्या. "कोन का असंना. भिताडाला हात लावला तर थरथरत हुतं. नि माणसाच्या अंगावानी गरम लागत हुतं."

तिथं आत कोण होतं, कशाला भ्यालं होतं, आणि आमचे आवाज त्याच्याकडं कसे आले... मला यातलं काही म्हणजे काही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला सांगता आलं तर खाली लिहा. मी वाचेन. दिवसा, आणि महेश शेजारी बसलेला असताना.